गरोदर बाईचं सिफिलिस रिअॅक्टिव्ह आलं तर पहिलं इंजेक्शन त्याच दिवशी द्या

डॉक्टर, तुमची पेशंट पाचव्या महिन्यात आहे, रॅपिड किटवर सिफिलिस रिअॅक्टिव्ह, व्हीडीआरएल (सिफिलिसचीच दुसरी रक्तचाचणी) १:४, अंगावर काहीच नाही. फॉल्स पॉझिटिव्ह धरून सोडायचं की जिल्ह्याला पाठवायचं, असं विचारलंत. दोन्ही नको. पेनिसिलिन पीएचसीत असेल तर आजच सुरू करा. नुसती चिठ्ठी देऊन पाठवलेल्या बायका मधेच गळतात. एसटीचं भाडं, बुडणारी मजुरी, घरी काय सांगायचं हा प्रश्न. पोटातल्या बाळाला तेवढी सवड नसते.

१:४ हा टायटर, म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडीचं प्रमाण, कमी दिसतो म्हणून गाफील राहू नका. नुसती व्हीडीआरएल पॉझिटिव्ह असती तर गरोदरपण, मलेरिया, कुष्ठरोग, ल्युपस असलं कारण शोधलं असतं. पण रॅपिड किट ट्रेपोनेमाचीच, म्हणजे सिफिलिसच्या जंतूविरुद्धचीच अँटिबॉडी पकडतं. दोन्ही पॉझिटिव्ह आणि आधीच्या पूर्ण उपचाराचा कागद नाही, म्हणजे उपचार करायचेच. लक्षणं नाहीत यातही नवल नाही. पहिली जखम दुखत नाही, आतल्या बाजूला असली तर दिसतही नाही आणि ३ ते ६ आठवड्यांत आपोआप भरते. पुढे तळहात-तळपायांवर येणारं पुरळ सहसा खाजत नाही, मग दाखवतंय कोण?

आजार कधीचा हे माहीत नाही, म्हणून बेंझाथिन पेनिसिलिन २४ लाख युनिट, आठवड्याला एक असे तीन डोस. प्रत्येक वेळी १२-१२ लाख दोन्ही कुल्ल्यांत, फक्त स्नायूत. शिरेत कधीही नाही. औषध पांढरं, दाट असतं आणि सुईत चटकन अडकतं. म्हणून पाणी घालून कुपी नीट हलवा, जाड सुई घ्या, लगेच पण सावकाश टोचा. अॅड्रिनलिन (तीव्र अॅलर्जी आली तर द्यायला) भरून हाताशी ठेवा आणि अर्धा तास बसवून ठेवा. त्या रात्री ताप, अंगदुखी येऊ शकते, हे आधीच सांगा, नाहीतर ‘इंजेक्शन बाधलं’ म्हणून पुढच्या डोसला येणार नाही. पोटात कळा आल्या किंवा बाळाची हालचाल मंदावली तर मात्र लगेच यायला सांगा.

पेनिसिलिनची खरीच अॅलर्जी असेल, तरच वर पाठवा, तेही सिस्टर किंवा आशाताई सोबत देऊन. डॉक्सी (डॉक्सीसायक्लिन) गरोदरपणात चालत नाही, आणि अझिथ्रोमायसिन-एरिथ्रोमायसिनवर बाळाच्या बाबतीत भरवसा ठेवता येत नाही.

नवऱ्याची तपासणी आणि उपचार त्याच आठवड्यात करा, नाहीतर तिला पुन्हा लागण होईल. दोघांची एचआयव्ही तपासणीही करा. तो गावातल्या दवाखान्यात यायला लाजत असेल तर सुरक्षा क्लिनिकला (सरकारी गुप्तरोग दवाखान्यात) पाठवा. मी दोघांना वेगवेगळं बसवून सांगते, “हा आजार वर्षानुवर्षं अंगात गुपचूप राहतो. कुणाकडून कधी आला, ते या तपासणीवरून कळत नाही.” हे खरंच आहे, आणि एवढ्यानं तिची मारझोड टळू शकते.

रॅपिड किट पुन्हा करू नका, ते बहुधा जन्मभर पॉझिटिव्हच राहतं. व्हीडीआरएलचा टायटर त्याच लॅबमधून बघा. १:४ चा फारसा उतरणार नाही, पण १:१६ झाला तर पुन्हा लागण झाली किंवा उपचार पुरे पडले नाहीत असं धरा.

तिन्ही डोसच्या तारखा आणि टायटर माता-बाल संरक्षण कार्डावर ठळक लिहा. उपचार प्रसूतीच्या किमान ३० दिवस आधी सुरू झाले होते का, आणि बाळाचा टायटर आईच्या चौपट आहे का, हे पाहूनच बाळाला १० दिवस पेनिसिलिन द्यायचं की नाही, ते बालरोगतज्ज्ञ ठरवतात.