बुडालेल्या विम्याचे हप्ते भरायचे का?

न्यू जर्सीतल्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. नवार्कच्या बंदरातून कंटेनर ओढणाऱ्या त्यांच्या चार ट्रक आहेत. जानेवारीच्या मध्यावर त्यांनी ४८,००० डॉलर वार्षिक प्रीमियमची पॉलिसी घेतली. ९,६०० खिशातून भरले आणि उरलेले ३८,४०० प्रीमियम फायनान्स कंपनीकडून, दहा हप्त्यांत, ९ टक्के व्याजाने घेतले. हप्ता सुमारे ४,००० डॉलरचा. तीन हप्ते गेले आणि विमा देणारा रिस्क रिटेन्शन ग्रुप, म्हणजे एकाच धंद्यातल्या मालकांनी मिळून चालवलेली विमा कंपनी, लिक्विडेशनमध्ये निघाला, म्हणजे बुडाल्यामुळे कोर्टाच्या हुकमाने गुंडाळला गेला. सुरू झाल्यापासून १२० दिवसांनी पॉलिसी संपली. ते विचारतात, "जो विमाच उरला नाही, त्याचे हप्ते मी का भरू? ते थांबवून तोच पैसा नव्या पॉलिसीला लावू का? कमी पडलं तर मुलीच्या ५२९ मधून, म्हणजे तिच्या शिक्षणाच्या बचत खात्यातून, काढू का?"

उत्तराआधी एक काम. दोन गाड्या अजून रस्त्यावर आहेत, असं तुम्ही जाता जाता लिहिलं आहे. त्या आजच उभ्या करा. साध्या मालासाठीसुद्धा संघीय नियमाने किमान ७,५०,००० डॉलरचं लायबिलिटी कव्हर, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई देणारा विमा, लागतं, आणि ते नसेल तर ऑथॉरिटी, म्हणजे मालवाहतुकीचा संघीय परवाना, रद्द होऊ शकते. पण मला भीती वाटते ती ऑथॉरिटीची नाही. कव्हर नसताना एखादा माणूस तुमच्या गाडीखाली आला, तर पुढचा सगळा हिशेब निरर्थक होईल.

आता हप्त्यांचं. तुम्ही दोन वेगळे करार केले आहेत. विमा एकाशी, कर्ज दुसऱ्याशी. फायनान्स कंपनीने विमा कंपनीला पैसे देऊन टाकले, तिथे तिचं काम झालं. विमा कंपनी बुडाली तरी कर्ज तुमचंच, असं अशा करारांत सहसा लिहिलेलं असतं. तुमची प्रत काढून ते कलम वाचा, आणि खाली वैयक्तिक हमीची सही आहे का तेही पाहा. असेल तर एलएलसीची, म्हणजे धंद्याची देणी मालकाच्या खाजगी पैशापासून वेगळी ठेवणाऱ्या कंपनीची, भिंत इथे कामाला येणार नाही. पीएमसी बँकेच्या वेळी मुंबईत हेच दिसलं होतं. २०१९ च्या सप्टेंबरात ठेवी अडकल्या, पण कर्जदारांचे हप्ते चालूच राहिले.

आकडे मांडून बघू. १२० दिवसांचं कव्हर तुम्ही वापरलं, त्याची किंमत साधारण १५,८००. न वापरलेला प्रीमियम ३२,२००. हा परतावा तुमचा वाटतो, पण करारात तुम्ही तो आधीच फायनान्स कंपनीच्या नावे लिहून दिला आहे. कर्ज बाकी आहे सुमारे २७,२००. म्हणजे परतावा पूर्ण मिळाला असता, तर कर्ज फिटून तुमच्या हातात पाचेक हजार आले असते. अडचण 'मिळाला असता' या दोन शब्दांत आहे.

साधी परवानाधारक कंपनी बुडाली असती, तर राज्याच्या गॅरंटी फंडाने, म्हणजे बुडालेल्या विमा कंपन्यांच्या ग्राहकांसाठीच्या निधीने, काही मर्यादेपर्यंत दावे दिले असते, आणि बऱ्याच राज्यांत प्रीमियमचा परतावाही. रिस्क रिटेन्शन ग्रुपला ही सोय नाही. १९८६ च्या संघीय कायद्यानेच ती बंद केली आहे, आणि तशी सूचना पॉलिसीवर छापावी लागते. तुमच्याही पॉलिसीवर ती असणार. २०२० च्या जूनमध्ये व्हरमाँटच्या न्यायालयाने ग्लोबल हॉक हा ट्रकवाल्यांचा ग्रुप लिक्विडेशनमध्ये काढला, तेव्हा कित्येक मालक याच जागी उभे होते. एजंटने स्वस्त दर सांगितला तेव्हा ही ओळ त्याने मोठ्याने वाचून दाखवायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून माझं मत: हप्ता गुपचूप थांबवू नका, आणि आहे तसा ४,००० चा भरतही राहू नका. नवी पॉलिसी ५४,००० ची मिळते आहे, २५ टक्के डाउन पेमेंट (आधी भरायची रक्कम) म्हणजे १३,५००, पुढे नऊ हप्ते साधारण ४,७०० चे. जुना-नवा मिळून महिन्याला ८,७००. तुमच्या धंद्याला हे झेपणार नाही. धंद्याच्या खात्यात २२,००० आहेत, त्यातून आधी डाउन पेमेंट करा. मग फायनान्स कंपनीला हप्ता चुकण्याआधी लेखी कळवा आणि २७,२०० अठरा महिन्यांत फेडायची मुदत मागा. याच व्याजाने हप्ता १,६०० च्या आसपास येतो. तिलाही हे सोयीचं आहे. तिचं तारण, म्हणजे तो परतावा, लिक्विडेटरकडे (बुडालेली कंपनी गुंडाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे) अडकलं आहे, आता पैसे देऊ शकणारे तुम्हीच आहात. सगळं कर्ज फिटल्यावर परताव्याचा हक्क तुमच्याकडे परत येईल, हे त्याच पत्रात लिहून घ्या. लिक्विडेटरकडे प्रूफ ऑफ क्लेम, म्हणजे तुमचं येणं नोंदवणारा अर्ज, तुम्हीही भरा, शेवटच्या तारखेच्या आत. त्यातून किती आणि कधी मिळेल यावर एक डॉलरचंही नियोजन करू नका.

चौथी गाडी महिन्यातून जेमतेम आठ दिवस चालते, असं तुम्हीच लिहिता. नव्या पॉलिसीत ती घेऊ नका. ५२९ ला हात लावू नका. शिक्षणाव्यतिरिक्त काढलं तर वाढीवर कर आणि वर १० टक्के दंड लागतो, आणि मुलगी दोन वर्षांत कॉलेजला जाते आहे.

पत्राच्या शेवटी एका ओळीत फेब्रुवारीतल्या धडकेचा उल्लेख आहे. समोरच्याच्या मानेला मार, दावा उघडा. मला सगळ्यात जास्त काळजी याची आहे. अपघात कव्हर चालू असताना झाला, तरी तुमच्या बाजूने वकील देणारं आणि भरपाई भरणारं आता कोणी नाही. प्रूफ ऑफ क्लेममध्ये हा दावा स्वतंत्र नोंदवा. समन्स आलं, तर न्यू जर्सीच्या सुपीरियर कोर्टात उत्तराला ३५ दिवस असतात. विमा कंपनी बघेल म्हणून पाकीट बाजूला ठेवलं, तर निकाल एकतर्फी लागेल. खात्यात डाउन पेमेंटनंतर उरतील ते ८,५००. ते या दाव्यात लागणाऱ्या वकिलासाठी राखून ठेवा, आणि त्याची भेट याच आठवड्यात ठरवा.