डॉक्टरकाकांना विचारा : मम्मी पाच वर्षं नको म्हणायलीय

प्रश्न : नमस्कार काका. मी सातवीत आहे, राजारामपुरीत राहतो, तिसऱ्या मजल्यावर. घरात मी, मम्मी, पप्पा आणि आज्जी. मला दुसरीपासनं कुत्रं पाहिजे आणि मम्मी दुसरीपासनं नको म्हणायलीय. पप्पांना विचारलं की म्हणतात, मला चालतंय, मम्मीला विचार. मी सगळं करून बघितलो. रडलो, एका रविवारी मटण खाल्लो नाही (रात्री खाल्लो), १४ स्लाइडचं प्रेझेंटेशन केलो आणि टीव्हीला जोडून सगळ्यांना दाखवलो, त्यात हस्कीचे लई भारी फोटो होते. आज्जी म्हणते घ्यायचंच तर कारवानी घ्या, तिच्या माहेरी होतं. आता मैत्रिणीच्या काकांच्या लॅबला (लॅब्रॅडॉर कुत्रीला) पिल्लं झाल्यात, पाच आठवड्यांची आहेत, ते म्हणाले येत्या रविवारी घेऊन जावा नाहीतर दुसऱ्याला देतो. मम्मीला कसं पटवू? लवकर सांगा.

ता. क. : डॉक्टर, मी हिची आई. हे मेल माझ्याच फोनवरनं आलंय, सेंटमध्ये दिसलं म्हणून लिहिते. मला कुत्री आवडत नाहीत असं अजिबात नाही. लहानपणी गडहिंग्लजला आमच्याकडं होतं, ते गेलं तेव्हा मी आठवडाभर शाळेत गेले नव्हते. पण आता माझी नोकरी, सासूबाईंचे गुडघे, लिफ्ट नाही, आणि ही बाई अजून स्वतःचा डबा सिंकमध्ये नेऊन ठेवत नाही. तुम्हीच सांगा.

उत्तर : आधी पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी, होय, पत्र मुलीचंच आहे. आमच्याकडं कोल्हापुरात पोरी 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात, दुरुस्तीची पत्रं पाठवू नका.

तर बाळ, हा अंक तुझ्या हातात पडेपर्यंत तो रविवार कधीच होऊन गेला असणार आणि ते बरंच झालं. पाच आठवड्यांचं पिल्लू कुणी देत असेल तर घ्यायचंच नाही, लॅब असू दे नाहीतर आणि काय असू दे. कमीत कमी आठ आठवडे ते आईजवळ आणि भावंडांत राहायला पाहिजे. एकमेकांना चावून चावूनच त्यांना कळतं की किती जोरात चावलं की समोरचा ओरडतो, आणि ते तिथं शिकलं नाही तर मग तुझ्या हातावर शिकतं. 'आत्ता न्या नाहीतर दुसऱ्याला देतो' असं म्हणणाऱ्या माणसाकडनं मी तर स्कूटरसुद्धा घेणार नाही.

आता तुझं प्रेझेंटेशन. मी बघितलं नाही, पण अशी प्रेझेंटेशनं माझ्या दवाखान्यात पोरं मोबाइलवर दाखवतात त्यामुळं अंदाज आहे. १४ स्लाइड, त्यात गोंडस फोटो किती आणि 'शी कोण उचलणार' ही स्लाइड कितवी? नव्हतीच ना? तुझ्या मम्मीला तेवढी एकच बघायची होती गं. तिचं पत्र परत वाच, त्यात कुत्र्याबद्दल वाईट एक शब्द नाही. तिचा नकार कुत्र्याला नाहीच, तिच्या डोक्यावर जे वाढीव काम येणार आहे त्याला आहे, आणि तू पाच वर्षं कुत्रं किती चांगलं असतं हेच सांगत बसलीस, जे तिला तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

हे मी उगं बोलत नाही. इतकी वर्षं जनावरांचा दवाखाना चालवतोय, पिल्लू घ्यायला हट्ट करणारं पोरगं पहिल्या लसीला येतं, मिरवत येतं, दुसऱ्या लसीलापण येतं. नंतर क्लास असतो, परीक्षा असते. गोचीड झाले म्हणून, जुलाब लागले म्हणून, कान फुटला म्हणून भर दुपारी रिक्षातनं कुत्रं घेऊन कोण येतं, तर जी बाई 'माझ्या घरात कुत्रं आणायचं नाही' म्हणत होती तीच. तुझ्या मम्मीनं हा सगळा पिक्चर मनात बघून ठेवलाय.

जरा हिशोब कर. लॅब साधारण १० ते १२ वर्षं जगतं, गावठी नीट सांभाळलं तर त्याहून जास्तपण. तू सातवीत. बारावीला पाच वर्षं. मग तू पुण्याला नाहीतर आणि कुठं जाणार, तेव्हा कुत्रं पाच वर्षांचं, म्हणजे निम्मं आयुष्य त्याचं बाकी, ते कुणी बघायचं? हा प्रश्न तू मम्मीला नाही, पप्पांना विचार. 'मला चालतंय' म्हणून पेपरात डोकं घालणाऱ्या माणसाचा मला भयंकर राग येतो (पप्पा वाचत असतील तर नमस्कार). चालतंय म्हणजे काय? सकाळचं फिरवणं तुमचं का रात्रीचं? दवाखाना कुणाकडं? आपण चार दिवस गावाला गेलो तर ठेवायचं कुणाकडं? हे पप्पांनी मम्मीसमोर बोलून दाखवलं तर तुझं निम्मं काम तिथंच होतंय.

उरलेलं निम्मं तुझं. सहा आठवडे कुत्र्याचं नाव काढायचं नाही. अजिबात नाही, फ्रीजवर फोटोपण नाही. रोज सकाळी साडेपाचला स्वतः गजर लावून उठायचं, मम्मीनं उठवलं तर तो दिवस बाद, तीन मजले उतरून वीस मिनिटं चालून यायचं, रात्री जेवल्यावर परत तसंच. रिकामा पट्टा हातात घेऊन फिर असं म्हणत नाही, गल्ली हसेल. घरी आल्यावर हॉलची एक फरशी पुसायची, कारण लहान पिल्लू झोपून उठलं की, खाल्लं की, खेळलं की पाच-दहा मिनिटांत शू करतंय आणि तिसऱ्या मजल्यावरनं खाली नेईपर्यंत ते काय थांबत नाही. आणि डबा, तेवढा डबा सिंकमध्ये जाऊ दे बाई. हे जमलं तर पावसाळ्यात चालू कर. आषाढातला आपला पाऊस तुला माहीत आहे, रंकाळ्यावर छत्री उलटी होते, तरी कुत्र्याला खाली न्यावंच लागतंय. उन्हाळ्याच्या सुट्टीत केलेली प्रॅक्टिस मी धरत नाही.

ह्यापेक्षा भारी परीक्षा म्हणजे ओळखीचं कुणी गावाला जात असेल तर त्यांचं शहाणं, लसी झालेलं कुत्रं चार दिवस घरी आणायचं. मम्मीच्या परवानगीनं. चार दिवसांत आज्जीच्या पायात ते घुटमळतं का, सोफ्यावर केस किती होतात, शेजारी काय म्हणतात सगळं कळतं. आज्जीचं हसण्यावारी नेऊ नको, गुडघे दुखणारं माणूस पिल्लाला अडखळून पडलं तर खुबा मोडतो, मग कुत्रं राहिलं बाजूला.

कुठलं घ्यायचं ते पुढचं आहे, पण विषय काढलायस म्हणून सांगतो. हस्की विसर. बर्फात गाडी ओढणारं जनावर ते, त्याला कोल्हापूरच्या एप्रिलमध्ये तिसऱ्या मजल्यावर ठेवायचं म्हणजे त्याचे हाल आणि तुमचं लाइट बिल. लॅब स्वभावानं सोनं, पण खाणं दांडगं आणि केस बारा महिने गळतात, मम्मीची पहिली तक्रार तीच असणार. आज्जीची आवड मात्र खानदानी आहे. कारवानी म्हणजेच मुधोळ हाउंड, खाली कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यातलं मुधोळ, घोरपड्यांचं जुनं संस्थान, तिथलं. २००५ साली पोस्टानं देशी कुत्र्यांची तिकिटं काढली त्यात हेपण होतं. पण ते पळणारं कुत्रं आहे, त्याला शिवार पाहिजे. आज्जीच्या माहेरी असणार शिवार, राजारामपुरीत कुठलं आणायचं? मला विचारशील तर गल्लीतल्याच कुत्रीचं एखादं दोन-अडीच महिन्यांचं गावठी पिल्लू. केस आखूड, आपल्या हवेला सोसणारं, आणि पैसे लागायचे ते लसीला लागतील.

लसीचं थोडक्यात. सहा ते आठ आठवड्यांत पहिली, पार्वो, डिस्टेंपर वगैरे आजारांची एकत्र असते ती, मग तीन-चार आठवड्यांनी परत परत, साधारण चार महिन्यांचं होईपर्यंत. तीन महिन्यांनंतर रेबीजची, आणि ती दरवर्षी, आयुष्यभर. मधे जंताचं औषध. कोर्स पूर्ण होईपर्यंत जिथं बाकीची कुत्री घाण करतात तिथं खाली सोडायचं नाही, पार्वोनं दोन-तीन दिवसांत धडधाकट पिल्लू गेलेलं मी लई बघितलंय. पिल्लं होऊ नयेत म्हणूनचं ऑपरेशन कधी करायचं ते तुमच्या डॉक्टरला विचारा, पण करा.

आणि रविवार! आपल्याकडं कुत्र्याचा खरा शत्रू म्हणजे रविवारचं मटण. तांबड्या रश्श्यात कालवलेला भात प्रेमानं घालतात, त्यात कांदा-लसूण, आणि दोन्ही कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. शिजलेली हाडं ठिसूळ होऊन आतड्यात टोचतात. चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे कधीच नाही. बिनमसाल्याचं शिजवलेलं चिकन आणि भात चालतोय. आज्जी लपून चपाती-दूध घालणार हे मी आत्ताच लिहून देतो, बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही, तेवढं आज्जीला तूच सांग, माझं नाव घे.

आता ताई, तुम्हाला. हो म्हणाच असं मी सांगणार नाही, नोकरी सांभाळून ज्या घरात आधीच सगळं तुमच्यावर आहे तिथं नकार बरोबर असू शकतो. फक्त 'बघू' म्हणू नका. आपल्याकडं 'बघू' म्हणजे नाही, हे मोठ्यांना कळतं, पोरांना ते हो-च्या जवळचं वाटतं आणि पाच वर्षं अशी जातात. नाही तर स्पष्ट नाही, दहावीपर्यंत नाही. नाहीतर तुमच्या अटी एका कागदावर लिहा, त्यात पप्पांचीपण सही घ्या. आणि गडहिंग्लजच्या त्या कुत्र्याचं पोरीला कधी सांगितलंय का? मला वाटतं नसेल सांगितलं. केस-घाण हे कारण ती खोडून काढत बसते, हे कारण तिला माहीतच नाही.

प्रश्न : माझ्या मुलानं (वय ९) कळंब्यात शाळेजवळनं एक पिल्लू दप्तरातनं घरी आणलं आणि दोन दिवस गच्चीवर लपवून ठेवलं. आम्हाला काल कळलं. त्याच्या हातावर दाताचे बारीक ओरखडे आहेत. पिल्लू ठेवायचं का नाही ते नंतर, आधी काय करू?

उत्तर : आधी मुलगा. जखम साबण लावून वाहत्या नळाखाली १५ मिनिटं धुवा, दोन दिवस झाले असले तरी धुवा, आणि आजच सरकारी दवाखान्यात नेऊन रेबीजची इंजेक्शनं चालू करा. पिल्लू लहान आहे, गोड आहे, ओरखडा बारीक आहे असलं काही मनात आणू नका, आणि हळद-चुना लावू नका. सगळी इंजेक्शनं दिलेल्या तारखांनाच घ्यायची, दोन झाली की पोरगं बरं दिसतंय म्हणून सोडायची नाहीत. पिल्लाला हाताळायचं काम काही दिवस मोठ्यांनीच करा, ते कुठं सोडून देऊ नका, दहा दिवस नजरेखाली ठेवा, त्यात सुस्त झालं, खायचं बंद झालं नाहीतर मेलं तर लगेच मुलाच्या डॉक्टरला कळवा. मुलाला रागावू नका, नाहीतर पुढच्या वेळी ओरखडा दाखवणार नाही. गच्चीवर पत्रा असेल तर पिल्लाला दुपारचं तिथं बांधू नका, खाली आणा.