प्रोग्रेसिव्ह चष्मा बसला नाही, दुकानदार पैसे परत देत नाही

प्रश्न : मी डिचोली तालुक्यातल्या मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. गणेश चवथीच्या आधी मडगावच्या एका दुकानात प्रोग्रेसिव्ह चष्मा केला. डोळेही तिथेच तपासले. फ्रेम आणि काचा मिळून १६,८०० रुपये घेतले. पहिल्या दिवसापासून चक्कर येते, फळा पाहायचा तर हनुवटी खाली घ्यावी लागते. दुसऱ्या आठवड्यात परत गेले तेव्हा फ्रेम थोडी वाकवून दिली आणि ‘डोळे सरावतील’ म्हणाले. दोन महिने झाले. आता आणखी पाच हजार भरून दुसऱ्या काचा घ्या म्हणतात. पावतीवर ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ आणि ‘मडगाव न्यायकक्षा’ असं छापलंय. नंबरचा कागद मागितला तर ‘तो दुकानाचा रेकॉर्ड आहे’ असं उत्तर मिळालं. गोमेकॉत (बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात) दाखवलं, तिथे तोंडी सांगितलं की उजव्या काचेचा अॅक्सिस (नंबर ज्या कोनात बसवतात तो कोन) त्यांच्या तपासणीपेक्षा १५ अंशांनी वेगळा आहे. केस होईल का? शाळेच्या आणि गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दुकानाचं नाव टाकू का? आणि तोवर दुसरीकडे चष्मा करू की थांबू?

उत्तर : नमस्कार बाई,

केस होईल. पण तुम्ही जिला सर्वांत भक्कम समजता ती बाजू, म्हणजे चक्कर आणि त्रास, हीच तुमची सर्वांत कच्ची बाजू आहे. प्रोग्रेसिव्ह काचेत वरून खाली, लांबच्यापासून जवळच्यापर्यंत, नंबर बदलत जातो आणि कडेला थोडं विकृत दिसतंच. ते काचेच्या घडणीतच आहे. काही दिवस ते दोन आठवडे डोळ्यांना सवय व्हायला लागतात, आणि काहींना ती कधीच होत नाही. काच बरोबर बनली असेल, बरोबर बसवली असेल आणि तरीही तुम्हाला मानवली नसेल, तर निव्वळ तेवढ्यावर दुकानदार दोषी ठरणं कठीण. तो ग्राहक आयोगापुढे हेच म्हणेल. म्हणून आपल्याला ‘त्रास होतो’ याच्या पलीकडे जावं लागेल, आणि सुदैवाने चष्मा ही मोजता येणारी वस्तू आहे.

तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टी मोजता येतात. एक, हनुवटी. प्रोग्रेसिव्ह काच बसवताना तिच्यावरची एक खूण नेमकी बाहुलीसमोर यावी लागते. काच वर बसली तर सरळ बघतानाच मधल्या अंतराचा नंबर डोळ्यासमोर येतो, लांबचं धूसर दिसतं आणि माणूस नकळत हनुवटी खाली घेतो. उलट काच खाली बसली तर वाचताना मान वर करावी लागते. तुमचं वर्णन पहिल्या प्रकाराशी जुळतं. डिलिव्हरीच्या वेळी शाईची खूण पुसली जाते, पण काचेत दोन्ही बाजूंना, एकमेकींपासून ३४ मिलिमीटर अंतरावर, बारीक कायमच्या खुणा कोरलेल्या असतात. कोणताही जाणता ऑप्टोमेट्रिस्ट (डोळ्यांचा नंबर तपासणारा) त्यांवरून मूळ खूण पुन्हा काढून दाखवू शकतो. काचेवर श्वास सोडून ती उजेडात तिरकी धरली तर त्या तुम्हालाही दिसतील. त्यांच्याजवळच कंपनीचं चिन्ह आणि जवळसाठी वाढवलेल्या नंबरचा आकडा कोरलेला असतो. दुकानदाराने तुम्हाला अमुक कंपनीची काच म्हणून पैसे घेतले असतील तर तेही तिथे पडताळता येईल. हे आधी करा. माल वेगळाच निघाला तर प्रकरणाचा रंगच बदलतो.

दुसरी गोष्ट अॅक्सिस. सिलिंडरचा, म्हणजे ठरावीक दिशेतच लागणारा, नंबर असलेल्या काचेत १५ अंशांचा फरक किरकोळ नाही. साधारण निम्मा दृष्टिदोष तसाच राहतो, आणि फरक ३० अंशांवर गेला तर काचेचा फायदाच उरत नाही. पण इथे कायद्याच्या दृष्टीने एक प्रश्न उभा राहतो, ज्याचं उत्तर तुमच्याकडे आज नाही: चूक कुठे झाली? दुकानाने नंबर बरोबर काढला आणि काच चुकीची बनून आली, तर तो मालातला दोष. काच कागदाप्रमाणेच बनली पण नंबरच चुकीचा काढला, तर ती सेवेतली त्रुटी. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दोन्हींवर दाद मिळते, मात्र तक्रारीत नेमकं काय म्हणायचं ते या एका उत्तरावर ठरतं. आणि ते उत्तर दुकानदाराने दाबून ठेवलेल्या कागदात आहे.

‘दुकानाचा रेकॉर्ड’ हे सोंग मला अजिबात पटत नाही. तपासणी तुमच्या डोळ्यांची, पैसे तुमचे, आणि कागद मात्र त्यांचा! ग्राहकाला हवी असलेली संबंधित माहिती जाणूनबुजून दडवणं हे कायद्याने ‘त्रुटी’च्या व्याख्येतच घातलेलं आहे (कलम २, उपकलम ११). म्हणजे तो कागद नाकारून त्यांनी तुमच्या हाती स्वतंत्र मुद्दा दिला. कागद नाहीच मिळाला तरी आयोगाला तो हजर करायला लावण्याचा अधिकार आहे.

पावतीवरच्या छापील ओळींना घाबरू नका. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, किंवा मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं याला हा कायदा अनुचित व्यापारी प्रथा म्हणतो. ‘परत घेतला जाणार नाही’ असं छापून सदोष मालाची जबाबदारी झटकता येत नाही. तुम्ही दुसऱ्याच आठवड्यात तक्रार घेऊन गेलात हे इथे फार उपयोगी आहे. त्या दिवसाचे फोन, मेसेज, काहीही पुसू नका. न्यायकक्षेच्या ओळीचंही तेच. जुन्या १९८६ च्या कायद्यात तक्रारदाराला आपल्या राहत्या ठिकाणी तक्रार करण्याची सोय नव्हती, नव्या कायद्यात ती आहे. त्यामुळे मडगावच्या फेऱ्या मारायची गरज नाही, डिचोलीकरांना पर्वरीचा उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोग चालतो. पावती नीट तपासा: कच्ची चिठ्ठी असेल, फ्रेम आणि काचांची किंमत वेगळी नसेल, काचेचं नाव नसेल, तर पक्कं बिल लेखी मागा. बिल न देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच आहे.

आता कामाला लागायचं तर पहिली गोष्ट बांबोळीची. गोमेकॉत तोंडी सांगितलेलं आयोगापुढे काही कामाचं नाही. पुन्हा जा, चष्मा सोबत न्या, आणि केस पेपरवर दोन गोष्टी लिहून मागा: तुमच्या डोळ्यांचा आजचा नंबर, आणि लेन्सोमीटरवर (काचेचा नंबर मोजायच्या यंत्रावर) मोजलेला या चष्म्याचा नंबर, दोन्ही अॅक्सिससह. सही आणि तारीख हवी. बसवण्यातली चूक त्यांनी नाही तपासली तर एखाद्या खासगी ऑप्टोमेट्रिस्टकडून लेखी घ्या. तुम्हाला मधुमेह असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. रक्तातली साखर वरखाली झाली की चष्म्याचा नंबर बदलू शकतो आणि समोरचा वकील नेमकं तिथेच बोट ठेवील. अलीकडचा शुगर रिपोर्ट जोडलात तर तो मार्ग बंद होईल.

मग नोटीस. वकील लागत नाही. मजकूर एवढा पुरे: ‘अमुक तारखेला आपल्या दुकानात डोळे तपासून १६,८०० रुपयांना चष्मा घेतला. अमुक तारखेला त्रासाबाबत तक्रार केली. सोबतच्या अहवालानुसार काच सदोष आहे / नंबर चुकीचा आहे. माझ्या तपासणीचा कागद, पक्कं बिल आणि काचेचं मूळ पाकीट किंवा कार्ड द्यावं, आणि पंधरा दिवसांत पूर्ण रक्कम परत करावी. अन्यथा ग्राहक आयोगात दाद मागेन.’ स्पीड पोस्टाने पाठवा, पोच जपून ठेवा. बऱ्याच काच-कंपन्या प्रोग्रेसिव्ह न मानवल्यास ठरावीक मुदतीत एकदा काचा बदलून देतात. तुमच्या काचांना अशी हमी होती का, हेही नोटिशीत विचारा. असेल तर ते जादा पाच हजार कशाचे, हे दुकानदाराला सांगावं लागेल. माझा अंदाज, निम्मी प्रकरणं नोटिशीवरच मिटतात, कारण पर्वरीच्या तारखांना येणं दुकानदारालाही परवडत नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पाहायला हरकत नाही, पण तिच्याकडे हुकूम काढायचा अधिकार नाही, मध्यस्थीच होते.

आयोगात जायची वेळ आली तर पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. तक्रार ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल होते आणि व्हिडिओवरून सुनावणीची मागणी करता येते, म्हणजे शाळा बुडणार नाही. मुदत दोन वर्षांची आहे, पण मोजमापाचा पुरावा जितका ताजा तितका बरा. वकील हवाच असेल तर महिला म्हणून तुम्हाला उत्पन्नाची अट न लागता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो. मागणी मात्र आवाक्यात ठेवा. १६,८०० रुपये, त्यावर व्याज, तपासण्यांचा आणि प्रवासाचा खर्च, मनस्तापाबद्दल काही हजार. लाखांची भरपाई मागितली की सदस्यांच्या भुवया आधी तुमच्याकडे वळतात.

व्हॉट्सअॅपवर नाव टाकू नका, निदान निकालापर्यंत तरी. ‘मी इथे चष्मा केला, मला असा त्रास झाला’ हे खरं आणि सिद्ध करता येण्यासारखं आहे. ‘लुटारू’, ‘फसवे’ लिहिलंत की भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली अब्रुनुकसानीची तक्रार तुमच्यावर येऊ शकते, आणि मूळ वाद बाजूला राहून तुम्हीच आरोपी होऊन बसाल.

राहिला नवा चष्मा. थांबू नका. वर्गात दिसत नसताना महिनोन् महिने तसंच राहावं अशी कायद्याची अपेक्षा नाही, उलट नुकसान वाढू न देणं हे तुमच्या बाजूचंच ठरतं. नवा चष्मा गोमेकॉच्या नंबरावर करा, नंबरचा कागद हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका, बिल ठेवा. फक्त एक करू नका: खर्च वाचवायला त्याच फ्रेममध्ये नव्या काचा बसवून घेणं. काच किती उंचीवर बसवली होती हे त्या फ्रेमसकटच सिद्ध होतं. जुना चष्मा आहे तसा डबीत घालून ठेवा, आणि ‘बघू, दुरुस्त करून देतो’ म्हणून दुकानदाराने मागितला तर लेखी पोचपावतीशिवाय, आणि लेन्सोमीटरचा अहवाल हाती येईपर्यंत, मुळीच देऊ नका.