जिप्सीचे ॲव्हरेज घटले. इंजिन उघडावे का?

प्रश्न : माझ्याकडे 2004 सालची पेट्रोल जिप्सी किंग आहे. पूर्वी ती लिटरला 11 किलोमीटर जात असे, आता जेमतेम 7 जाते. दोन वर्षांपूर्वी मी 205/70 आर 15 मापाचे मूळ टायर काढून 235/75 आर 15 मापाचे बसवले. त्याच सुमारास गाडी तापते म्हणून दुरुस्तीही करून घेतली. तेव्हापासून तापमानाचा काटा तळाशीच असतो. गॅरेजमध्ये इंजिनकाम सुचवले आहे. ते करावे का? – एक वाचक, पाटण (जि. सातारा)

उत्तर : एवढ्यात करू नये. आपल्या पत्रातच दोन कारणे दडलेली आहेत आणि त्यांपैकी एक तर निव्वळ हिशेबाचे आहे. मूळ टायरचा व्यास सुमारे 668 मिलिमीटर भरतो, नव्याचा सुमारे 734, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात गाडी जवळपास 10 टक्के अधिक अंतर कापते. मीटरला मात्र फेरेच मोजता येत असल्याने गाडी 110 किलोमीटर गेली तरी तो 100 दाखवतो. त्यामुळे आपले 7 हे प्रत्यक्षात 7.7 च्या घरात आहेत. शिवाय आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असते आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जाच पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश असते. त्यापोटी शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत 6 ते 7 टक्के तूट धरावी लागते. ती कोणत्याही गॅरेजमध्ये भरून निघणार नाही. रुंद, जड टायरही थोडे अधिक इंधन खातात. एवढे वजा केल्यावर जी दीड-दोन किलोमीटरची तूट उरते, तिचाच शोध घ्यायचा आहे.

आमचा पहिला संशय त्या तळाशी राहणाऱ्या काट्यावर आहे. गाडी तापू लागली की थर्मोस्टॅट काढून टाकायचा, हा आपल्याकडचा जुना आणि घातक उपाय आहे. थर्मोस्टॅट साधारण 80 ते 90 अंशांच्या दरम्यान उघडतो आणि तोवर पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही. तो नसला किंवा उघडाच अडकला, तर इंजिन, विशेषतः घाटाच्या उतारावर आणि थंडीत, पुरेसे गरम होतच नाही. एमपीएफआय म्हणजे संगणकाच्या हुकमाने इंधन फवारणाऱ्या गाडीचा संगणक पाण्याच्या तापमानाचा सेन्सर पाहून इंजिन अजून थंड आहे असे समजतो आणि जास्त पेट्रोल सोडत राहतो. त्यातले न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन काढते, आणि असे दीर्घकाळ चालले की ज्या इंजिनकामाची आज गरज नाही, ते पुढे खरोखरच करावे लागते. तेव्हा थर्मोस्टॅट जागेवर आहे का हे उघडून पाहावे आणि नसल्यास योग्य मापाचा नवा बसवावा. मात्र गाडी मुळात का तापत होती, हेही रेडिएटर व पाण्याचा पंप तपासून त्याच वेळी शोधावे. काटा वर येऊनही स्पार्क प्लग काळे, कोरड्या काजळीने माखलेले निघाले, तर तापमानाचा सेन्सर आणि धुरातील ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर तपासून घ्यावेत.

ब्रेक धरून राहतात का हे पाहण्यासाठी सपाट रस्त्यावर पाच-सहा किलोमीटर शक्यतो ब्रेक न लावता गाडी चालवून थांबावे आणि चारही चाकांच्या मध्यभागाजवळ हात न टेकवता उष्णतेचा अंदाज घ्यावा; एकच चाक तापलेले असेल, तर दोष तिथेच आहे. फोर-व्हील-ड्राइव्हचा लिव्हर डांबरी रस्त्यावर नेहमी टू-व्हीलमध्येच असावा, आणि पुढच्या चाकांना हाताने फिरवायचे हब असल्यास तेही मोकळे ठेवावेत. एअर फिल्टर आणि टायरमधील हवा आपण पाहत असालच.

यानंतर पंपावर टाकी काठोकाठ भरावी, निदान 200 किलोमीटर चालवून त्याच पंपावर पुन्हा त्याच पातळीपर्यंत भरावी, आणि मीटरवरील अंतर 1.1 ने गुणून त्याला या दुसऱ्या वेळी भरलेल्या लिटरने भागावे. आकडा 9 च्या पुढे गेला, तर इंजिनाला हात लावू नये. न गेल्यास आधी चारही सिलिंडरांची कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्यावी; एखाद्या सिलिंडरचा दाब इतरांपेक्षा स्पष्टपणे कमी दिसला, तरच इंजिन उघडण्याचा विचार करावा.