सोलरचा तीन महिन्यांचा कोर्स की इलेक्ट्रिकल डिप्लोमा?

पत्र: मुलीला दहावीत ७८ टक्के पडलेत. मी साखर कारखान्यात को-जनच्या, म्हणजे कारखान्यातल्या वीजनिर्मितीच्या, बॉयलरवर आहे. तिला सोलरमध्येच जायचंय. एक खाजगी संस्था तीन महिन्यांच्या कोर्सचे ४५ हजार मागतेय, नोकरीची हमी देतो म्हणते. पैसे भरावेत का? शिवाय छतावरचं काम मुलीला झेपेल का?
– एक पालक, कागल तालुका

नमस्कार,

आत्ता भरू नका. लेकीने दिशा बरोबर धरली आहे, फक्त आधी वीज शिकू दे, सोलर मागून येईल. नुसत्या तीन महिन्यांच्या जोरावर पॅनल चढवण्याचं आणि धुण्याचं काम मिळतं. त्यात कमीपणा काहीच नाही, पण पुढची वाट तिथेच अडते.

समजा, शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीच्या शेडवर ५४० वॅटचे पॅनल बसवायचेत. एकाचं ओपन सर्किट व्होल्टेज, म्हणजे लोड जोडलेला नसतानाचं व्होल्टेज, ४९.५. वीस पॅनल एका स्ट्रिंगमध्ये, म्हणजे एकामागोमाग साखळीत, जोडले की ९९० होतात. पॅनलची डीसी वीज एसी करणाऱ्या इन्व्हर्टरची मर्यादा १००० व्होल्ट. बसतंय असं वाटतं. पण ४९.५ हा आकडा २५ अंशांचा आहे. थंडीत व्होल्टेज वाढतं, अंशामागे साधारण ०.२७ टक्के. डिसेंबरात पारा १२ वर असताना ऊन पडलं की तीच स्ट्रिंग १०२५ व्होल्टवर जाते. इन्व्हर्टर जळू शकतो आणि मर्यादा ओलांडली म्हणून वॉरंटीवरही पाणी सोडावं लागतं. १९ पॅनल घेतले असते तर ९७३ वर निभावलं असतं. हा हिशेब ज्याला येतो, त्याच्या हाती डिझाइन दिलं जातं.

दुसरं, डीसीची, म्हणजे पॅनलमधून येणाऱ्या एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेची आग. घरात येणाऱ्या विजेचा एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून ठिणगी विझायला वाव मिळतो. डीसीत तो मिळत नाही. क्रिंपिंग (वायरच्या टोकाला कनेक्टरची पिन दाबून बसवणं) सैल राहिलं किंवा दोन वेगळ्या कंपन्यांचे एमसी-४ कनेक्टर, म्हणजे पॅनलच्या वायरी जोडणारे प्लग, एकमेकांत बसवले, की सांधा तापून वितळतो. लोड चालू असताना कनेक्टर ओढणं तर जिवावरचं. आपल्याकडच्या जुलैच्या पावसात सांध्यात पाणी शिरतं, इन्व्हर्टर इन्सुलेशन फॉल्ट (वीज गळतेय असा इशारा) दाखवून बंद पडतो आणि उघडीप मिळाली की आपोआप चालू होतो. असा फॉल्ट पकडायला एकेक स्ट्रिंग सोडवून मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचा मीटर, लावावा लागतो.

म्हणून शासकीय तंत्रनिकेतनाचा तीन वर्षांचा इलेक्ट्रिकल डिप्लोमा पहिल्या पसंतीला टाका. नंबर लागला नाही तर आयटीआयचा दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियन ट्रेड. तो पूर्ण केल्यावर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, वायरमन परवान्याचीही सोय होते. सोलरचा छोटा कोर्स त्यानंतर केला तर कामी येईल.

छतावरचं काम मुलींना जमतं. हार्नेस आणि लाइफलाइन हवीच, आणि उजेडासाठी बसवलेल्या फायबरच्या पत्र्यावर पाय पडता कामा नये, तो वजन पेलत नाही. टेस्टिंग, डिझाइन, मॉनिटरिंग ही कामंही आहेतच.

तुमचं को-जनसुद्धा बगॅसवरचं, उसाच्या चिपाडावरचं, म्हणजे अक्षय ऊर्जाच. पुढच्या गळीत हंगामात परवानगी काढून तिला टर्बाइन आणि सिंक्रोनायझिंग पॅनल, म्हणजे जनरेटर ग्रिडला जोडायचं नियंत्रण पॅनल, दाखवा. जनरेटर ग्रिडशी जुळवताना व्होल्टेज, फ्रिक्वेन्सी आणि फेज जुळावे लागतात, सोलर इन्व्हर्टर तेच आपोआप करतो.

आणि त्या संस्थेला नोकरीची हमी लेखी मागा: कंपनी कोणती, पगार किती, काम कुठलं. कागदावर द्यायला टाळाटाळ झाली तर तो विषय तिथेच सोडा.