वाचक विचारतात, गणितवाले सर सांगतात: आबांच्या वहीतली ४१६ आकडी संख्या

प्रश्न: सर नमस्कार. आमचे आबा रिटायर्ड प्राथमिक शिक्षक. दीड वर्षापासून रोज पहाटे उठून वहीत हातानेच गुणाकार करतात. २, ३, ५, ७, ११ अशा मूळ संख्या ओळीने गुणत जायच्या आणि शेवटी १ मिळवायचा, उत्तर मूळ संख्याच येते असं त्यांचं म्हणणं. आता ९९७ पर्यंत पोचलेत, उत्तर ४१६ आकडी आलंय. मी एक्सेलमध्ये तसाच गुणाकार करत गेलो तर थोड्या ओळींनंतर मागे नुसते शून्यच आले. आबा म्हणतात "खरं शे, पेपरले दे". देऊ का?
(एक वाचक, अमळनेर तालुका)

उत्तर: पेपरला अजून देऊ नका. पण ती वही जपून ठेवा, का ते पुढे सांगतो.

आधी एक्सेलचं. एक्सेल पहिले १५ आकडेच खरे धरतं, पुढे शून्य भरून देतं, म्हणजे तुम्ही तपासलीत ती आबांची संख्या नव्हतीच. पारी-जीपी नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे त्यात टाका, ४१६ आकडे त्याला काहीच नाहीत, क्षणात सांगेल. पण उत्तर मी आत्ताच सांगतो, ही संख्या मूळ नाही.

आबांना असं का वाटलं ते मला नीट कळतं. पहिल्या पाच ओळी बघा, ३, ७, ३१, २११, २३११, पाचही मूळ, लागोपाठ पाच वेळा जमलं की कोणाचाही विश्वास बसतो हो. घात होतो सहाव्या ओळीत, १३ पर्यंतच्या गुणाकारात १ मिळवला की येतात ३०,०३१, आणि ते आहेत ५९ गुणिले ५०९. आबांना एवढं एकच गणित करायला सांगा, १७३ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भाग देत जायचं, ५९ ने निःशेष भाग जातो, एका सकाळीत होईल. पुढच्या ओळीला १९ ने भाग जातो, त्यापुढच्या ९६,९९,६९१ ला ३४७ ने. मग ३१ पर्यंतचा गुणाकार घेतला की परत मूळ येते, त्यानंतर थेट ३७९, नंतर एकदम १०१९. मधल्या सगळ्या पडतात आणि ९९७ मधेच येतो.

आता तुम्ही विचाराल की मग हिला कशाने भाग जातो ते सांगा. ते न शोधता पण संख्या मूळ नाही हे पक्कं सांगता येतं, आणि दावा तपासताना लोक इथेच जास्त गोंधळतात. फर्माचा नियम असा की संख्या मूळ असेल (२ सोडून) तर २ चा तिच्यापेक्षा एकने कमी एवढा घात घेऊन तिनेच भागलं की बाकी १ उरलीच पाहिजे. नाही उरली तर विषय संपला. अवयव न सापडताच निकाल लागल्याचं एक जुनं उदाहरण सांगतो: २ चा ६७ वा घात वजा १ ही मूळ आहे असं मर्सेन नावाच्या फ्रेंच गणितीने १६४४ साली लिहिलं होतं, १८७६ मध्ये ल्युकासने ती मूळ नाही हे दाखवलं पण अवयव कोणाला माहीत नव्हते, ते १९०३ मध्ये फ्रँक कोलने काढले, १९,३७,०७,७२१ आणि ७६१८३८२५७२८७. पण उलटं चालत नाही हां, बाकी १ उरली म्हणजे मूळच असं नाही. ३४१ घेऊन बघा, बाकी १ उरते आणि ती तर ११ गुणिले ३१ आहे. म्हणून ह्या परीक्षेत पास झालेल्या संख्येला "बहुधा मूळ" म्हणतात, पक्की सिद्धता वेगळी द्यावी लागते.

आता वहीचं. ३०,०३१ चे अवयव ५९ आणि ५०९, दोन्ही आबांनी गुणलेल्या यादीच्या बाहेरचे. हे प्रत्येक ओळीत होणार, कारण यादीतल्या कुठल्याही संख्येने भागलं तर बाकी १ च उरते. म्हणजे आबांची प्रत्येक ओळ नवीन मूळ संख्या देतेच, फक्त ती कधी कधी आत लपलेली असते. मूळ संख्या संपत नाहीत ही युक्लिडची सिद्धता ती हीच, आणि आबा स्वतःच्या हाताने तिच्या दारापर्यंत गेलेत, मला ह्याचं फार कौतुक वाटतं. आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणला शिलालेख आहे, भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याचा, आबांना एकदा तिकडे घेऊन जाच.

प्रश्न: सर मी इंजिनिअरिंगला आहे. स्वतः लिहिलेला प्रोग्राम १९ दिवस लॅपटॉपवर चालवला, २ चा घात वजा १, घात ५ कोटी १० लाखाच्या आसपास. उत्तर "प्राइम" आलं. कोणाला कळवू, बक्षीस मिळतं का?
(एक विद्यार्थी, शिरपूर)

उत्तर: नेमका घात कोणाला सांगितला नाहीस हे बरोबर केलंस, पण वाईट बातमी आहे. मर्सेन मूळ संख्यांचे (म्हणजे २ चा घात वजा १ अशा मूळ संख्यांचे) घात ४,३१,१२,६०९ नंतर एकदम ५,७८,८५,१६१ असे आहेत आणि मधला प्रत्येक घात जिम्प्सवाल्यांनी (अशा संख्या शोधणारा स्वयंसेवकांचा इंटरनेट प्रकल्प) दोन-दोनदा तपासलाय. त्यामुळे चूक तुझ्याकडे आहे, प्रोग्राममध्ये नाहीतर मशीनमध्ये. मे महिन्यात आपल्याकडे लॅपटॉप १९ दिवस तापत ठेवला तर मेमरीतला एक बिट जरी पलटला तरी पुढचं सगळं वाया, कारण प्रत्येक पायरी मागच्या पायरीवर उभी असते.

म्हणून तर सर्वात मोठ्या मूळ संख्येचा सध्याचा रेकॉर्ड, २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १, म्हणजे ४,१०,२४,३२० आकडे, लगेच जाहीर केला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये डब्लिनमधल्या जीपीयूने (ग्राफिक्स चिपने) "बहुधा मूळ" सांगितलं, दुसऱ्या दिवशी टेक्सासमधल्या दुसऱ्या जीपीयूने ल्युकास-लेमर चाचणी (मर्सेन संख्या मूळ आहे का ते पक्कं सांगणारी) करून पक्कं केलं, मग वेगळ्या मशीनवर वेगळ्या प्रोग्रामने परत तपासलं, तेव्हा कुठे २१ तारखेला जगाला सांगितलं. बक्षिसाचं म्हणशील तर दीड लाख डॉलरचं आहे पण ते १० कोटी आकड्यांच्या संख्येला, तुझी दीड कोटीच्या आसपास आहे.

तू आता असं कर. आधी हीच चाचणी हाताने ३१ वर (२ चा ५ वा घात वजा १) करून बघ, ४ पासून सुरू, वर्ग करून २ वजा, ३१ ने भागून बाकी, असं घातापेक्षा दोनने कमी म्हणजे तीन वेळा: ४, १४, ८, ०. शून्य आलं म्हणजे मूळ. मग तुझ्या प्रोग्रामला ४४,४९७ हा घात दे, "मूळ" आलं पाहिजे, आणि ८१९१ दे, "नाही" आलं पाहिजे. प्राइम९५ ची (जिम्प्सचं फुकट सॉफ्टवेअर) टॉर्चर टेस्ट, म्हणजे मशीनला ताण देऊन तपासणी, एक रात्र चालव, रॅमचा दोष असेल तर कळेल. सगळं नीट आलं तर नवीन घात घे आणि मला लिही, सोबत शेवटची बाकी पण पाठव.