कोकण किनाऱ्याची ट्रिप आखताना नकाशाच्या आधी तिथी बघा

तुमचा प्रश्न असा की साताऱ्यातून पाच मित्र, एक गाडी, तीन दिवस, आणि हायवे सोडून समुद्राच्या कडेकडेनं जायचंय तर रूट कसा धरायचा. मी पण साताऱ्याचाच, आमचा ग्रुप दर थंडीत एकदा तरी खाली कोकणात उतरतो, एक मित्र कराडला चढतो, एक सांगलीहून आदल्या रात्री मुक्कामाला येतो. त्यामुळं जरा सविस्तर सांगतो.

आधी एक गोष्ट, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. आपण घाटावरची माणसं ट्रिप म्हटलं की किलोमीटर मोजतो, किनाऱ्यावर भरती-ओहोटी मोजावी लागते. पहिल्या वर्षी आम्ही चांदण्यात समुद्र बघायचा म्हणून मुद्दाम पौर्णिमा धरून गेलो. संध्याकाळी सहाच्या सुमारास पोचलो तेव्हा पाणी पार लांब, वाळू रस्त्यासारखी टणक, आधीच दोन गाड्या खाली उतरलेल्या, म्हणून आम्ही पण उतरवली आणि तिथंच लावून जेवायला गेलो. साडेनऊला येऊन बघतो तर मागच्या चाकांना पाणी लागलेलं, आणि पुढची चाकं जागच्या जागी फिरून आणखीच रुतायला लागली. पोटात गोळा आला, गाडी मित्राच्या वडिलांची. गावातली पाच-सहा माणसं ट्रॅक्टर आणि दोर घेऊन आली, तासभर पाण्यात उभी राहून त्यांनी गाडी ओढून काढली आणि एक रुपया घेतला नाही. त्यातले एक म्हातारे काका चिडलेले, "पौर्णिमेला उधाण असतं, एवढं विचारायचं तरी कोणाला!" पण नंतर त्यांनीच आम्हाला बांधावर बसवून भरतीचा हिशोब शिकवला.

तो हिशोब असा. कॅलेंडरात त्या दिवशीची तिथी बघायची आणि तिची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या वाजता साधारण पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे ३ ला आणि दुपारी ३ ला भरती, अष्टमीला ६ ला. शुक्ल असो की वद्य, मोजणी प्रतिपदेपासून, पौर्णिमा आणि अमावस्या दोन्ही १५ धरायच्या, म्हणजे सव्वाअकरा. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. थोडं मागंपुढं होतं पण ट्रिप आखायला पुरतं. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास पाणी सगळ्यात वर चढतं आणि सगळ्यात आत जातं, अष्टमीच्या सुमारास हा फरक कमी.

आता रूट. पहाटे ५ ला निघा, उंब्रजवरून पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट उतरून चिपळूण आणि तिथून गुहागर. चहाचे थांबे धरून साडेदहापर्यंत पोचता. घाट उतरताना एक सांगावंसं वाटतं, आपली कोयना महाबळेश्वरात उगम पावते, कराडला कृष्णेला मिळते आणि ते पाणी पार बंगालच्या उपसागरात जातं, पण धरणाचं जे पाणी बोगद्यातून पोफळीला विजेसाठी सोडतात ते खाली कोळकेवाडीवरून वाशिष्ठीत येतं आणि दाभोळला अरबी समुद्राला मिळतं. चिपळूणच्या पुलावरून वाशिष्ठी दिसली की मला दरवेळी वाटतं, आपल्याच डोंगरातलं पाणी आपल्या आधी समुद्रावर पोचलंय.

पंचमी धरून निघालात तर भरती पावणेचारची, म्हणजे दहा-अकराला ओहोटी. गुहागरचा किनारा लांबलचक आहे, ओहोटीला चालायला त्याच्यासारखा दुसरा नाही. मग जेवून वेळणेश्वर आणि तिथून हेदवी. हेदवीला दशभुज गणपतीचं देऊळ आहेच, पण समुद्रावर बामणघळ म्हणून खडकात एक अरुंद चीर आहे, भरतीला लाट आत घुसते आणि पाणी फवाऱ्यासारखं वर उडतं. ओहोटीला गेलात तर नुसती फट दिसेल, लोक म्हणूनच निराश होऊन परत येतात. साडेतीनला तिथं असा, पण लांबूनच बघा, खडक शेवाळलेला असतो.

दुसऱ्या दिवशी तवसाळहून फेरीबोटीत गाडी घालून पलीकडं जयगड. ही फेरी चुकवू नका, नाहीतर परत चिपळूण, हायवे, निवळी फाटा असा मोठा वळसा. शेवटची फेरी किती वाजता ते आदल्या दिवशी फोन करून विचारा. पुढं जयगड किल्ला, मालगुंडला केशवसुतांचं घर, गणपतीपुळे, आणि मग आरे-वारे. आरे-वारेचा चढ आला की गाडी वर बाजूला नीट लावून उतरा, दोन्हीकडं समुद्र, खाली सुरूची झाडं, आमचा बडबड्या कराडकर पण तिथं दहा मिनिटं गप्प असतो. मुक्काम रत्नागिरीत.

पाण्याबद्दल हात जोडून सांगतो. कृष्णेत पोहायला शिकलो म्हणजे समुद्रात पोहता येतं असं नाही. गणपतीपुळ्याला तर थोडं आत गेलं की लगेच खोल होतं, ओहोटीला पाणी आत ओढतं, आणि बुडालेल्यांच्या बातम्यांत दरवर्षी आपल्या भागातली पोरं असतात. गुडघ्याच्या वर जाऊ नका, दारू पिऊन तर पाण्याकडं फिरकू पण नका, ग्रुपमधला एक जण कायम कोरडा, काठावर.

तिसऱ्या दिवशी सकाळी थिबा पॅलेस बघा, ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी १८८५ साली राज्य घेऊन हद्दपार केलं आणि रत्नागिरीत ठेवलं, हा वाडा १९१० चा. मग साखरपा, आंबा घाट, मलकापूर, कोकरूड, कराड. सांगलीवाला असेल तर त्याला कोकरूडवरून शिराळा-पेठ सोयीचं. आंबा घाट उजेडात चढा, अंधारात धुकं आणि गवे दोन्ही आडवे येतात.

जेवणाचं म्हणाल तर घरगुती खानावळीत सकाळीच फोन करून किती माणसं ते सांगावं लागतं, मासे त्याप्रमाणं आणतात. जून-जुलैत मासेमारी बंद असते आणि समुद्र पण खवळलेला, तेव्हा जाऊ नका. पेट्रोल गुहागरातच भरून घ्या. घरी आल्यावर गाडी खालून गोड्या पाण्यानं धुवा, खारं पाणी पत्रा खातं.

त्या काकांकडं आम्ही अजून दरवर्षी कंदी पेढे घेऊन जातो, येताना ते आमसुलांची पिशवी देतात. तुमच्या तारखा ठरल्या की सांगा, तिथी बघून कुठल्या वेळी कुठं थांबायचं ते लिहून देतो.